निकाल कोणी द्यावयाचा?

(वस्तीतील वाचनालयाच्या चित्रपट-अभ्यासमंडळापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. वकिली करणाऱ्या बाईने वारसाहक्काविषयी बोलावे, पोटगीविषयी बोलावे, जातीच्या दाखल्याविषयी बोलावे; चित्रपटाविषयी तिने काय सांगावयाचे, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु गेली तीन वर्षे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी या खोलीत भिंतीवर पांढरी चादर ताणून आपण जे चित्रपट पाहिले आणि नंतर सतरंजीवर बसून जी चर्चा केली, तिने माझ्या वकिलीतील एक मोठी चूक माझ्या पदरात घातली. ती चूक कोणती, हे मी आज आपणांस सांगणार आहे. जे वाचक त्या बैठकींना नव्हते, त्यांनाही आपल्या गावी असे मंडळ काढता यावे, असा या सांगण्यामागे हेतू आहे.

आपण एक पद्धत ठरविली होती. एकाच विषयावरचे दोन चित्रपट घ्यावयाचे. एक अमेरिकेच्या मोठ्या चित्रपटसंस्थांनी काढलेला, जगभर गाजलेला. दुसरा अन्य एखाद्या देशातला. मी वकील असल्यामुळे पहिला विषय ठरला, तो न्यायालय.

प्रथम एक ऐतिहासिक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ साली असा निर्णय दिला होता की, चित्रपट हा निव्वळ धंदा आहे. भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण त्याला नाही. पुढे तेथील चित्रपटसंस्थांनी स्वतःवरच एक नियमावली लादून घेतली. १९३४ पासून ती कडकपणे अमलात आली व १९६८ पर्यंत टिकली. गुन्हेगाराविषयी प्रेक्षकाला सहानुभूती वाटू नये, कायद्याची टवाळी होऊ नये, असे तिचे दंडक होते. गोऱ्या व काळ्या माणसांमधील प्रेमसंबंध पडद्यावर दाखविण्यासही तिची मनाई होती. म्हणजे ज्या देशाचे चित्रपट स्वातंत्र्याचा डांगोरा पिटत होते, त्याच देशात माणसामाणसांतील भिंत चित्रपटाच्या नियमांतच लिहून ठेवलेली होती.

ही भिंत हलली कशी, तेही मनोरंजक आहे. व्हित्तोरिओ दे सिका यांचा १९४८ सालचा 'बायसिकल थीव्ह्ज' हा इटालियन चित्रपट अमेरिकेत आला, तेव्हा नियमावलीच्या अधिकाऱ्यांनी दोन प्रसंग कापावयास सांगितले. दिग्दर्शकाने नकार दिला, आणि शिक्क्याविनाच तो चित्रपट तेथे दाखविला गेला. पुढे जोसेफ बर्स्टिन या त्याच्याच वितरकाने रोबेर्तो रोसेलिनी यांचा 'द मिरॅकल' हा दुसरा इटालियन चित्रपट आणला. न्यूयॉर्क राज्याने धर्मनिंदेच्या कारणावरून त्याचा परवाना काढून घेतला. बर्स्टिन सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले, आणि १९५२ साली त्या न्यायालयाने १९१५ चे आपले मत बदलून चित्रपटाला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण दिले. अमेरिकन चित्रपटाला हे स्वातंत्र्य एका परदेशी चित्रपटाच्या खटल्यातून मिळाले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. 'बायसिकल थीव्ह्ज' आपल्याकडेही १९५२ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात मुंबईस दाखविला गेला, आणि बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन' या १९५३ सालच्या चित्रपटामागे त्याची प्रेरणा होती.

आता आपल्या बैठकीकडे वळू. आपण प्रथम पाहिला तो सिडनी ल्युमेट यांचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन', साल १९५७. अठरा वर्षांच्या, गरीब वस्तीतल्या एका मुलावर बापाच्या खुनाचा आरोप आहे. बारा ज्यूरींनी एकमताने निकाल द्यावयाचा आहे, आणि दोषी ठरला तर देहदंड निश्चित आहे. पहिल्या मतदानात अकरा जण दोषी म्हणतात, एकटा आठव्या क्रमांकाचा ज्यूरी नाही म्हणतो. उरलेला जवळजवळ सर्व चित्रपट त्या एका कोंदट खोलीत घडतो.

विद्यार्थिदशेत हा चित्रपट मी अनेकदा पाहिला होता. पुराव्याची छाननी कशी करावी याचा तो वस्तुपाठ आहे, असे मी आपणांस मोठ्या अभिमानाने सांगितले. एकमेव म्हणून दाखविलेला सुरा कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. लंगडत चालणारा म्हातारा साक्षीदार तो म्हणतो तितक्या लवकर दारापर्यंत पोहोचूच शकत नाही. शेजारीण चष्मा लावणारी आहे, आणि रात्री अंथरुणात कोणी चष्मा लावून पडत नाही. अशा रीतीने एकेक साक्ष उसवत जाते, आणि अखेरीस बाराही जण निर्दोष म्हणतात. आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या.

टाळ्या थांबल्यावर मागे बसलेल्या एका बाईंनी प्रश्न विचारला. त्या रुग्णालयात आया म्हणून काम करून निवृत्त झालेल्या आहेत. त्या म्हणाल्या, "त्या पोराच्या तोंडी एक तरी वाक्य होतं का हो?"

मी आठवू लागले. आरंभी त्या मुलाचा चेहरा दिसतो, मोठे डोळे दिसतात. मग दार बंद होते आणि तो पुन्हा दिसत नाही. त्याच्या तोंडी एकही शब्द नाही. ज्याच्या गळ्याभोवती फास आहे, तो संपूर्ण चित्रपटात मुका आहे! पंचवीस वर्षे मी हा चित्रपट डोक्यावर घेऊन मिरविला, आणि ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

त्यानंतर चर्चेला निराळेच वळण लागले. एका तरुणाने दाखवून दिले की, खोलीतले बाराही जण गोरे पुरुष आहेत. दुसऱ्याने त्याला उत्तर दिले की, सुरा खालून वर चालवितात, वरून खाली नव्हे, हे ज्ञान पाचव्या क्रमांकाच्या ज्यूरीपाशीच असते, कारण तो स्वतः तसल्या वस्तीत वाढलेला आहे. म्हणजे वस्तीच्या माणसाला त्या खोलीत जागा मिळाली म्हणूनच सत्य बाहेर आले. दोन्ही मुद्दे खरे होते. चित्रपट वाईट ठरला नाही. तो अधिक खोल ठरला.

दुसरा अमेरिकन चित्रपट रॉबर्ट मलिगन यांचा 'टू किल अ मॉकिंगबर्ड', साल १९६२. अमेरिकेच्या दक्षिण भागातील एक गोरा वकील, अॅटिकस फिंच, खोट्या आरोपात अडकलेल्या टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसाची बाजू मांडतो. सर्व पुरावा टॉमच्या बाजूने असूनही ज्यूरी त्याला दोषी ठरविते. वकील न्यायालयातून बाहेर पडतो, तेव्हा वरच्या सज्जात बसलेली काळी माणसे त्याच्या सन्मानार्थ उठून उभी राहतात. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००३ साली चित्रपटांतील सर्वश्रेष्ठ नायक म्हणून याच वकिलाची निवड केली.

मी वकील झाले ती बव्हंशी हा सज्जाचा प्रसंग पाहून, हे मला कबूल केले पाहिजे. परंतु त्या दिवशी आपणांपैकी एका विद्यार्थिनीने विचारले, "टॉम मेल्यावर चित्रपट कोणाच्या घरी गेला?" तो गेला वकिलाच्या घरी. टॉमच्या मृत्यूची वार्ता त्याच्या बायकोला कळते, ती कोसळते. आणि त्यानंतरची सारी चिंता वकिलाच्या मुलांच्या सुरक्षिततेची आहे. अन्याय झाला एकाचा, आणि कथा झाली दुसऱ्याच्या चांगुलपणाची.

येथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी चोरीच्या आरोपातील एका मजुराचा खटला मी चालविला. फौजदारी खटल्यात सरकारपक्षाचा पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला त्या पुराव्याविषयी स्वतः प्रश्न विचारतात. पूर्वी हे कलम ३१३ होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३५१ झाले आहे. आरोपीला स्वतःच्या तोंडाने बोलण्याची ही कायद्याने दिलेली संधी आहे. पण बहुतेक वकील आपल्या अशिलाला पढवून ठेवतात की, प्रत्येक प्रश्नाला "खोटे आहे" किंवा "माहीत नाही" एवढेच म्हण. मीही तेच सांगितले. त्याने तेच म्हटले. तो सुटला. मी त्याला पेढा दिला, तेव्हा तो हातातल्या पेढ्याकडे पाहत म्हणाला, "वकीलबाई, सुटलो ते चांगलं झालं. पण त्या दिवशी मी कुठं होतो, ते मला एकदा माझ्या तोंडानं सांगायचं होतं."

त्या वेळी मला ते बोलणे भाबडे वाटले. आयाबाईंच्या प्रश्नानंतर ते मला कळले. मी त्याला सोडविले होते खरे, पण त्याला मुका ठेवून. मलाही कोणीतरी सज्जात उभे राहावे असे वाटत होते.

आता दुसऱ्या बाजूचे चित्रपट घेऊ. अकिरा कुरोसावा यांचा 'राशोमोन' हा १९५० सालचा जपानी चित्रपट. रानात एका सामुराईचा मृत्यू झाला आहे. दरोडेखोर एक हकीकत सांगतो, मृताची पत्नी दुसरी सांगते, मृताचा आत्मा मांत्रिक स्त्रीच्या मुखाने तिसरी सांगतो, आणि लाकूडतोड्या चौथी. चारांचा मेळ बसत नाही. प्रत्येकाने आपली अब्रू राखण्यापुरते सत्य वाकविले आहे. लाकूडतोड्याचा हातही स्वच्छ नाही. १९५१ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

यातील एक रचना मला फार महत्त्वाची वाटते. साक्षीदार उन्हातल्या अंगणात बसून साक्ष देतात, पण न्यायाधीश दिसत नाही आणि त्याचा आवाजही ऐकू येत नाही. साक्षीदार आपल्याकडे तोंड करून बोलतात. न्यायाधीशाच्या जागेवर प्रेक्षकाला बसविलेले आहे.

साठ वर्षांनी इराणच्या असगर फरहादी यांनी 'अ सेपरेशन' या २०११ सालच्या चित्रपटात याच युक्तीचा उपयोग केला आहे. पहिल्याच दृश्यात घटस्फोटासाठी आलेले नवराबायको आपल्याकडे पाहून बोलतात. न्यायाधीशाचा केवळ आवाज ऐकू येतो. पुढे त्या घरी म्हाताऱ्या वडिलांची शुश्रूषा करणारी गरीब मोलकरीण, तिला दाराबाहेर ढकलणारा मालक, तिचा गर्भपात, आणि ती गरोदर आहे हे मालकास ठाऊक होते की नव्हते, यावर उभा राहिलेला खटला. मालक खोटे बोलतो, मोलकरीणही काही लपविते, आणि दोघांचीही कारणे आपल्याला पटतात. अखेरीस मुलीला विचारले जाते की, आईकडे राहणार की वडिलांकडे. आईबाप दालनाबाहेर वाट पाहत उभे राहतात, आणि मुलीचे उत्तर आपणांस न कळताच चित्रपट संपतो.

फरक आता स्पष्ट होईल. अमेरिकन चित्रपटाने आपल्यासमोर उत्तम चर्चा घडवून आणली आणि ती स्वतःच संपवून टाकली. आपल्या वाट्याला टाळ्या उरल्या. जपानी आणि इराणी चित्रपटांनी चर्चा संपविली नाही. ती आपल्या ओट्यात टाकली.

परंतु यावरून अमेरिकेचे ते वाईट आणि परदेशी ते थोर असा सोपा निष्कर्ष काढू नये. आपल्या मंडळातील एका निवृत्त गिरणी कामगाराने 'अ सेपरेशन' संपताच जो आक्षेप घेतला, तो मला आजही अस्वस्थ करतो. ते म्हणाले, "ज्यानं वर्षानुवर्षं तारखा खाल्ल्या, त्याला निकाल पाहिजे असतो. निकाल न देता उठून जाणं ही पोट भरलेल्या माणसाची चैन आहे." त्यांना कोणी लगेच उत्तर देऊ शकले नाही. न्यायाची भूक असलेल्या माणसाला पडद्यावर तरी न्याय मिळावा, या इच्छेला मी हसणार नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, पडद्यावरचा निकाल पाहून भूक भागल्यासारखी वाटते. ती भागलेली नसते.

यानंतर आपण चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' पाहिला, साल २०१४. हा मुंबईतील खालच्या न्यायालयाचा चित्रपट. नारायण कांबळे या लोकशाहिरावर आरोप आहे की, त्याचे गाणे ऐकून एका गटार-सफाई कामगाराने आत्महत्या केली. ही भूमिका नागपूरचे वीरा साथीदार यांनी केली; ते स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते, २०२१ साली त्यांचे निधन झाले. व्हेनिसला आणि राष्ट्रीय पुरस्कारांत गौरविलेल्या या चित्रपटात खलनायक नाही. आरोपीचा वकील, सरकारी वकीलबाई आणि न्यायाधीश यांच्या घरापर्यंत कॅमेरा जातो. सरकारी वकीलबाई लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात, तेव्हा आपण सर्व माझ्याकडे पाहून हसलात, हे मी विसरलेले नाही! त्या बाई दुष्ट नाहीत. त्या दिवसाचे काम उरकतात, आणि त्या उरकण्यात एक माणूस तुरुंगात राहतो.

त्या चित्रपटात मृत कामगाराची पत्नी साक्षीला येते. नवरा गटारात उतरण्यापूर्वी खडा टाकून झुरळ बाहेर येते का ते पाहत असे, असे ती सांगते. झुरळ जिवंत असेल तर आत हवा आहे असे समजावयाचे. त्या वाक्यानंतर आपल्या खोलीत किती वेळ शांतता होती, ते आपणांस आठवत असेल. या बाईच्या तोंडी फार थोडी वाक्ये आहेत, पण सबंध खटल्याचे सत्य त्यांत आहे. वकील तिला पैसे देऊ करतो, तेव्हा ती घेत नाही. काम असेल तर सांगा, म्हणते.

चर्चेत एकाने विचारले, "अशा बाईला कायद्यानं काय मिळतं?" मी सांगितले की, हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला, सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांस १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. हे ऐकून एका भगिनीने आपल्या माहेरच्या गल्लीतील एका घराविषयी सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी ती त्या घरच्या बाईला घेऊन माझ्याकडे आली. ते प्रकरण अद्याप चालू आहे. त्याचा निकाल मी आज सांगू शकत नाही. मात्र एवढे सांगते की, या वेळी मी प्रथम वही मिटून ठेवली आणि त्या बाईला तिची हकीकत तिच्या शब्दांत, तिला हवी तितकी लांबवून सांगू दिली.

ज्यांना असे मंडळ काढावयाचे असेल, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगते.

पहिली, चित्रपट संपताच मत विचारू नये. प्रथम प्रत्येकाने आपण काय पाहिले व काय ऐकले एवढेच सांगावे. साक्ष आधी, मत नंतर. एकच दृश्य दहा जणांनी दहा प्रकारे पाहिलेले असते, हे त्यातच कळते, आणि 'राशोमोन' समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

दुसरी, कमी बोलणाऱ्याला प्रथम बोलू द्यावे आणि शिकलेल्याने शेवटी बोलावे. वकिलाने तर सर्वांच्या शेवटी! मी आरंभीच भाषण ठोकले असते, तर आयाबाईंचा प्रश्न कधी आलाच नसता. मत घ्यावयाचे झाल्यास चिठ्ठ्यांनी घ्यावे. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'मधील आठव्या ज्यूरीनेही चिठ्ठ्यांचीच मागणी केली होती, आणि तेव्हाच दुसऱ्या एका ज्यूरीला आपले मत बदलण्याचे धैर्य झाले.

तिसरी, परदेशी चित्रपटांत पडद्याखाली इंग्रजी वाक्ये येतात. ती ज्यांना वाचता येत नाहीत, त्यांच्यासाठी कोणीतरी मराठीत मोठ्याने सांगावे. आपल्याकडे हे काम महाविद्यालयात जाणाऱ्या दोन मुलींनी केले. दुभाष्याशिवाय साक्ष घेणे जसे अन्यायाचे, तसेच अर्ध्या सभेला न कळणारा चित्रपट दाखविणे अन्यायाचे.

चौथी, आवश्यक वाटल्यास चित्रपट मध्येच थांबवावा. यात अपमान काही नाही. अर्जेंटिनातील फेर्नान्दो सोलानास आणि ओक्तावियो हेतिनो यांनी १९६८ साली 'द अवर ऑफ द फर्नेसेस' हा चार तासांहून मोठा चित्रपट काढला, तो मध्ये थांबवून प्रेक्षकांनी चर्चा करावी अशाच योजनेने. तेथे लष्करी राजवट होती, आणि तो गुप्तपणे, लहान लहान बैठकींत दाखविला जात असे. आपल्याला तर दार उघडे ठेवून बसता येते.

भगिनींनो आणि बंधूंनो, आपल्या देशातील फौजदारी खटल्यांतून ज्यूरीची पद्धत १९७३ च्या संहितेने गेली. आता आपणांपैकी कोणालाही त्या बारा जणांच्या टेबलाशी बसण्याची पाळी येणार नाही. पण घरात, वस्तीत, पंचायतीत, शाळेच्या सभेत आपण रोज कोणाविषयी तरी मत बनवितो, आणि ज्याच्याविषयी बनवितो, तो बहुधा त्या खोलीत नसतो. पुढच्या वेळी असे मत बनविताना आयाबाईंचा प्रश्न स्वतःला विचारावा, एवढीच माझी विनंती आहे : त्याच्या तोंडी एक तरी वाक्य होते काय?

पुढील महिन्याच्या दुसऱ्या रविवारी 'बायसिकल थीव्ह्ज' दाखविण्याचे ठरले आहे. सायंकाळी सहा वाजता सतरंज्या अंथरल्या जातील. चर्चेत पहिले बोलणार आहेत ते निवृत्त गिरणी कामगार. त्यांच्या आक्षेपाचे उत्तर देण्यास मी अजून तयार झालेली नाही.